लेखातली बेरीज जुळत नाही, आणि लेखक आमचेच सर आहेत

तळटीप

नमस्कार मंडळी. ‘तळटीप’ हे माझं या मंचावरचं नाव. मी सार्वजनिक धोरणाच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या विभागाचं जर्नल विद्यार्थीच चालवतात. लेख मागवणं, समीक्षकांकडे पाठवणं, संपादन, प्रूफं, सगळं आम्हीच करतो. वर्षाला दोन अंक निघतात. यंदा मुख्य संपादक म्हणून माझी निवड झाली आहे. मंडळात माझ्याशिवाय आठ जण आहेत आणि त्यातल्या पाच जणांनी याआधी दुसऱ्या कुणाचा लेख कधीच संपादित केलेला नाही.

अडचण अशी. येत्या अंकासाठी एक चांगला लेख आला आहे. मुलींनी शाळा सोडू नये म्हणून शिष्यवृत्ती दिली जाते, तिचा परिणाम काय झाला असा विषय. (लेख ओळखू येऊ नये म्हणून विषय आणि आकडे दोन्ही बदलून लिहिते आहे. घोळ मात्र जसाच्या तसा आहे.) योजनेआधी शाळा सोडण्याचं प्रमाण १२ टक्के होतं, ते ९ टक्क्यांवर आलं, असा लेखाचा निष्कर्ष. कोष्टकात सहा शाळांच्या ओळी आहेत, प्रत्येकीत त्या शाळेतल्या मुलींची संख्या: ७१, ५८, ८२, ४९, ६६, ६०. खाली एकूण ४२०. रात्री कोष्टक पानावर बसवताना सहज बेरीज केली तर ३८६ आली. तीनदा केली, ३८६च.

समीक्षण दोघांनी केलं आहे. एकाने पानभर लिहिलंय, पण ते सगळं प्रस्तावनेबद्दल. दुसऱ्याचा अभिप्राय दोन ओळींचा: विषय महत्त्वाचा आहे, लेख छापावा. बेरीज दोघांनीही केलेली नाही.

आणि लेखक आमच्याच विभागात शिकवतात. मंडळातल्या दोघांचे प्रबंध त्यांच्याकडे आहेत. कालच्या बैठकीत सूर असा होता की आपलं काम भाषेचं आणि मांडणीचं, आकड्यांची जबाबदारी लेखकाची. एकाने तर ‘एकूण’चा आकडा आपणच ३८६ करून टाकू असंही सुचवलं. मला ते मुळीच पटलेलं नाही. पण सरांना नेमकं काय लिहायचं आणि कसं, हेही सुचत नाहीये. यातून कुणी गेलं आहे का?

विदावाचक

‘एकूण’ परस्पर बदलू नका. काहीही झालं तरी नाही.

एक सांगा, शाळा सोडलेल्या मुलींची संख्या कोष्टकात दिली आहे का? नुसते टक्के नकोत, संख्या हवी.

तळटीप

हो, शेवटच्या रकान्यात आहे. सहाही शाळा मिळून ३८.

विदावाचक

मग हिशेब मांडून बघू. ३८ भागिले ४२० म्हणजे ९.०. ३८ भागिले ३८६ म्हणजे ९.८. लेखातले ९ टक्के ४२० हा छेद धरून काढले आहेत, पण वरच्या ओळींत तेवढ्या मुलीच नाहीत.

छेद कुठला बरोबर यापेक्षा मोठा प्रश्न आहे तो त्या ३४ मुलींचा. त्या कुठे गेल्या? माझा अंदाज असा की ४२० ही पहिल्या पाहणीतली संख्या असावी आणि दुसऱ्या पाहणीच्या वेळी ३८६ जणीच सापडल्या असाव्यात. अशा पाहण्यांमध्ये हे नेहमी होतं. आणि ज्या सापडत नाहीत त्या इतरांसारख्या असतात असं धरून चालता येत नाही. कुटुंब दुसरीकडे गेलं, मुलगी कामाला लागली, घरी आजारपण आलं, अशाच कारणांनी त्या यादीतून गळतात आणि त्याच कारणांनी शाळाही सुटते.

आता दोन टोकं बघा. त्या ३४ जणी अजून शिकताहेत असं धरलं तर प्रमाण ९.० टक्के. सगळ्यांनी शाळा सोडली असं धरलं तर ३८ अधिक ३४ म्हणजे ७२, भागिले ४२०, म्हणजे १७.१ टक्के. योजनेआधीच्या १२ पेक्षाही जास्त! खरं उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. सरांनी ९ टक्के लिहिताना, बहुधा त्यांच्याही लक्षात न येता, पहिलं टोक गृहीत धरलंय. म्हणजे योजनेचा उपयोग झाला की नाही हे या कोष्टकावरून ठरतच नाही. मंडळातल्या मित्रांना एवढं नक्की सांगा. बेरीज तपासणं हे भाषेच्या कामाइतकंच तुमचं काम आहे.

आणि विद्यार्थ्याने आकड्यांत पडू नये म्हणणाऱ्यांना २०१३ सालची गोष्ट सांगा. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांचा २०१० सालचा शोधनिबंध होता. सरकारी कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) ९० टक्क्यांवर गेलं की आर्थिक वाढ मंदावते, असं त्यात म्हटलं होतं. काटकसरीच्या बाजूने बोलणारे राजकारणी आणि अधिकारी त्याचा सर्रास हवाला देत. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी वर्गातला गृहपाठ म्हणून तेच आकडे पुन्हा काढून बघत होता. काही केल्या जुळेनात. त्याने लेखकांकडे मूळ एक्सेल फाईल मागितली आणि त्यांनी ती पाठवली. सरासरीचं सूत्र ३० ते ४९ या ओळींऐवजी ३० ते ४४ वरच थांबलं होतं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश सरासरीतून बाहेर राहिले होते.

पण सूत्राची चूक त्यातला लहान भाग होता. काही देशांच्या काही वर्षांचे आकडे घेतलेच नव्हते. शिवाय न्यूझीलंडचं एकच वर्ष, उणे ७.६ टक्के, आणि ब्रिटनची १९ वर्षं यांना सरासरीत सारखंच वजन दिलेलं होतं. हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी पुन्हा हिशेब केला तेव्हा जास्त कर्जाच्या गटातली सरासरी वाढ उणे ०.१ ऐवजी २.२ टक्के आली. लेखकांनी सूत्रातली चूक मान्य केली, निष्कर्षाचा गाभा मात्र सोडला नाही. तो वाद बाजूला ठेवा. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्याने फाईल मागितली आणि ती त्याला मिळाली.

अवांतर: १२ वरून ९ ही ‘३ टक्क्यांनी घट’ नव्हे. ३ टक्केबिंदूंनी घट, किंवा २५ टक्के घट. लेखात काय लिहिलंय तेही बघून घ्या.

तळटीप

एका जागी ‘३ टक्क्यांनी’ आणि सारांशात ‘एक चतुर्थांशाने’. आत्ता बघितलं. दोन्ही वाक्यं मी स्वतः वाचून पुढे पाठवली होती.

जुनी_फाईल

विदावाचकांना +१.

मी विद्यापीठात असताना असंच एक जर्नल तीन वर्षं चालवलं. आता शासकीय सेवेत धोरण-विश्लेषणाचं काम करतो, म्हणजे तुमच्यासारख्या जर्नलमधले लेख ज्याच्या टेबलावर येतात त्यातला एक. तिकडची बाजू सांगतो. आम्ही लेख शेवटून वाचतो. आधी शिफारशी, मग कोष्टकं, वेळ उरला तर बाकीचं. दहातल्या आठ लेखांत शिफारशींच्या जागी ‘शासनाने ठोस पावले उचलावीत’, ‘समन्वय वाढवावा’, ‘जनजागृती करावी’ असली वाक्यं असतात. वाईट वाटतं, कारण त्याआधीची वीस पानं खपून लिहिलेली असतात.

संपादक म्हणून अशा प्रत्येक वाक्यापुढे समासात प्रश्न लिहा. कोणी करायचं? आजचा कुठला नियम आड येतो? पैसा कुठल्या लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कुठल्या तरतुदीतून? आणि हे केलं नाही तर काय बिघडेल? आमच्या वेळी एका विद्यार्थिनीच्या लेखात ‘अर्जप्रक्रिया सुलभ करावी’ असं वाक्य होतं. आम्ही चारदा प्रश्न पाठवले. चौथ्यांदा तिने लिहिलं की उत्पन्नाचा दाखला दरवर्षी नव्याने मागितला जातो, तो तीन वर्षांसाठी ग्राह्य धरावा, आणि त्यासाठी नियमातल्या एकाच शब्दात बदल पुरेल. हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. अर्ज भरणाऱ्या बायकांबरोबर रांगेत उभी राहून तिने ते पाहिलं होतं. पण संशोधनाच्या लेखात इतकं साधं लिहायचं नसतं असा तिचा समज होता. तो समज दूर करणं हे संपादकाचं काम.

मूळप्रत

थोडा विरोधी सूर लावतो. मी लेखकाच्या बाजूचा आहे आणि माझा अनुभव कडू आहे.

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांच्याच एका जर्नलमध्ये माझा लेख आला. नाव सांगत नाही, मुलं मनापासून काम करणारी होती. मी लिहिलं होतं, “योजनेनंतर उपस्थिती वाढलेली दिसते.” छापून आलं, “योजनेमुळे उपस्थिती वाढली.” संपादकाला माझं वाक्य गुळमुळीत वाटलं, त्याने ते ठसठशीत केलं. ‘नंतर’चं ‘मुळे’ झालं आणि ‘दिसते’ गळून गेलं. त्या एका वाक्यात माझं दोन वर्षांचं काम होतं. वाढ कशामुळे झाली हे मला सांगता येत नव्हतं, म्हणून तर मी तसं लिहिलं होतं. पुढे एका बातमीत तेच वाक्य माझ्या नावानिशी आलं. एका परिषदेत कुणीतरी उभं राहून विचारलं, हे तुम्ही कशावरून म्हणता? मी म्हटलं, मी म्हणत नाही. पण छापलेलं त्यांच्या हातात होतं.

शुद्धिपत्र मागितलं तर तोवर मंडळ बदललेलं. नव्या मुलांना काहीच माहीत नव्हतं. म्हणून तळटीप, सरांना जरूर विचारा. पण विचारायचा अधिकार म्हणजे बदलायचा अधिकार नव्हे. तुमचा मित्र ४२० चे ३८६ करायला निघाला होता, त्यात आणि माझ्या लेखाचं जे झालं त्यात मला काही फरक दिसत नाही.

अर्धविराम

मूळप्रत, वाचून फार वाईट वाटलं. मी पंधरा वर्षं कॉपी-एडिटिंग करते आहे. नव्या संपादकांना पहिल्याच दिवशी सांगते की मराठी वाक्यात जपायचे शब्द छोटे असतात. ‘मुळे’, ‘नंतर’, ‘सोबत’, ‘तरी’, ‘दिसते’, ‘असावे’, ‘बहुधा’, ‘काही’, ‘बहुतेक’. भाषा सफाईदार करताना आधी यांचाच बळी जातो, कारण ते काढले की वाक्य जोरदार वाटतं. धोरणाच्या लेखात सगळा अर्थ त्यांच्यातच असतो.

आमच्याकडचा नियम सांगते. ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, संदर्भांची मांडणी हे संपादक थेट बदलतो. क्रियापद, शब्दयोगी अव्यय, आकडा आणि नाव यांना हात लावायचा असेल तर समासात प्रश्न लिहायचा आणि लेखकाचं उत्तर येईपर्यंत मूळ तसंच ठेवायचं. ‘ट्रॅक चेंजेस’ (केलेला प्रत्येक बदल दाखवणारी सोय) बंद करून कुणीही फाईल उघडायची नाही.

तळटीप, सरांना लिहायच्या पत्राचा मसुदा इथे टाका. बघू या.

तळटीप

मूळप्रत, तुमचं लिहिणं मी मंडळाच्या ग्रुपवर वाचून दाखवलं. ३८६ सुचवणारा मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मसुदा हा:

“आदरणीय सर, आपला लेख अत्यंत अभ्यासपूर्ण असून आमच्या अंकाची शोभा वाढवणारा आहे. एक अगदी किरकोळ शंका होती. कोष्टक २ मधील बेरजेत टंकनदोष असावा असे वाटते. आपल्याला योग्य वाटल्यास व सवड असल्यास कृपया एकदा नजर टाकावी. आमच्या समजण्यात चूक असल्यास क्षमस्व.”

अर्धविराम

आदर ठेवा, बाकी पुष्कळ काढावं लागेल. ‘किरकोळ’ काढा, कारण गोष्ट किरकोळ नाही आणि तुम्हाला ते माहीत आहे. ‘टंकनदोष असावा’ काढा. तुम्ही उत्तरच सुचवताय, सर ‘हो, टंकनदोष’ म्हणतील आणि विषय तिथेच संपेल. ‘सवड असल्यास’ काढा, तारीख घाला. क्षमा कशाची मागताय?

मी असं लिहीन:

“आदरणीय सर, आपल्या लेखाचे संपादन सुरू आहे. कोष्टक २ मधील सहा शाळांच्या ओळींची बेरीज ३८६ येते, ‘एकूण’च्या ओळीत ४२० आहे. पान ७ वरील ९ टक्के हे प्रमाण ३८ भागिले ४२० असे येते. उरलेल्या ३४ विद्यार्थिनींची नोंद लेखात आम्हाला सापडली नाही. त्यांची दुसऱ्या पाहणीत गाठ पडली होती का, आणि त्यांना कोणत्या गटात धरले आहे, हे कृपया कळवावे. पाहणीची मूळ नोंद, नावे वगळून, पाहायला मिळाली तर कोष्टक आम्ही पडताळून घेऊ. लेख या अंकात घेण्यासाठी आपले उत्तर येत्या १५ तारखेपर्यंत हवे आहे. संपादक मंडळ.”

यात एकही विशेषण नाही. सरांना रागवायला जागा नाही आणि टाळायलाही नाही. ‘नावे वगळून’ मात्र विसरू नका. त्या शाळकरी मुली आहेत.

फळा_आणि_खडू

मी शिकवतो आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या जर्नलचा सल्लागार आहे. पत्र उत्तम आहे. खाली ‘संपादक मंडळ’ आहे हे विशेष चांगलं. एकट्या मुलीचं नाव तिथे नको.

पण पत्राआधी एक गोष्ट करा. ज्या दोघांचे प्रबंध त्या सरांकडे आहेत त्यांना या लेखापासून पूर्ण बाजूला ठेवा आणि तसं बैठकीच्या इतिवृत्तात लिहा. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका म्हणून नव्हे. त्यांना त्या पेचात उभंच करू नये म्हणून. कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स ही संस्था १९९७ पासून संपादकांना अशा बाबतीत मार्गदर्शन करते, तिचे तक्ते खुले आहेत. प्रकाशनाआधी चूक दिसली तर काय, नंतर दिसली तर काय, लेखकाचं उत्तरच आलं नाही तर काय, सगळं पायरीपायरीने दिलेलं आहे. ते छापून मंडळाच्या खोलीत लावा.

आणि पुढच्या अंकापासून नियम करा की आपल्याच विभागातल्या शिक्षकाचा लेख आला तर निदान एक समीक्षक बाहेरच्या विद्यापीठातला हवा.

विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांचे लेख तपासणं यात वावगं काहीच नाही. अमेरिकेतल्या कायद्याच्या नियतकालिकांची सगळी उभारणीच त्यावर आहे. हार्वर्ड लॉ रिव्ह्यू १८८७ पासून विद्यार्थी चालवतात, बराक ओबामा १९९० साली तिथे अध्यक्ष म्हणून निवडून आले तेही विद्यार्थी असतानाच. तिथली मुलं एकेक तळटीप मूळ ग्रंथ उघडून ताडतात. मोठमोठ्या कायदेपंडितांच्या लेखांनाही त्यातून सूट नसते. धोरणाच्या क्षेत्रातही शिकागो पॉलिसी रिव्ह्यू, जॉर्जटाऊन पब्लिक पॉलिसी रिव्ह्यू ही विद्यार्थ्यांचीच आहेत.

मात्र कायद्याचा नमुना जसाच्या तसा उचलू नका. तिथे बराच काळ लेखांची निवडही विद्यार्थीच करत आले आणि त्यावर रास्त टीका झाली आहे. कायद्यातला दावा संदर्भ उघडून पडताळता येतो. धोरणाच्या लेखातला दावा आकडेवारीवर उभा असतो, तिथे त्या पद्धतीचा जाणकार लागतोच. तुमच्या दोन समीक्षकांपैकी एकालाही संख्याशास्त्र येत नव्हतं असं दिसतंय. समीक्षक निवडताना विषय आणि पद्धत या दोन्हींसाठी वेगवेगळी माणसं बघा.

तळटीप

खूप मदत झाली. दोघांनाही मी बाजूला व्हायला सांगितलं. एकाला सुटल्यासारखं वाटलं, दुसरी दुखावली. तिच्याशी पुन्हा बोलणार आहे. पत्र आज पाठवलं.

दुवा

मी ग्रंथपाल. उशिरा आले, पण तळटिपांबद्दल कुणीच बोललेलं नाही म्हणून लिहिते.

धोरणाच्या लेखातले निम्मे संदर्भ सरकारी संकेतस्थळांवरचे अहवाल असतात आणि ते पत्ते फार लवकर मरतात. २०१४ साली झिट्रेन, अल्बर्ट आणि लेसिग या अभ्यासकांनी तपासलं तेव्हा हार्वर्ड लॉ रिव्ह्यू आणि तिथल्याच आणखी दोन नियतकालिकांतले ७० टक्क्यांहून जास्त दुवे मूळ मजकुरापर्यंत पोचत नव्हते. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतलेसुद्धा निम्मे मेलेले. एकेक तळटीप उघडून बघणाऱ्यांच्या घरी ही गत. म्हणून संपादन चालू असतानाच प्रत्येक दुव्याची प्रत इंटरनेट आर्काइव्हवर (वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर) जतन करा आणि जतन केलेला पत्ता मूळ पत्त्याशेजारी छापा. लेखकाने पीडीएफ वाचली असेल तर ती फाईलही मागून घ्या.

दुसरं, संदर्भ खरोखर अस्तित्वात आहे का हे बघा. काही वर्षांपूर्वी मी हे लिहिलं नसतं. आता चॅटबॉटकडून घेतलेले संदर्भ येतात. लेखक खरा, नियतकालिक खरं, वर्षही पटण्यासारखं, पण तसा लेख कधी लिहिलेलाच नसतो. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली असे बनावट निवाडे कोर्टात दाखल केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला. मी विद्यार्थ्यांना सांगते की शीर्षक कॅटलॉगमध्ये शोधा, पान उघडा आणि लेखक जे सांगतोय ते त्या पानावर आहे का तेही वाचा. एका लेखाचे चाळीस संदर्भ दोघांनी वाटून घेतले तर दोन संध्याकाळी लागतात.

तिसरं, मूळप्रत यांच्या शुद्धिपत्राबद्दल. विद्यार्थ्यांच्या जर्नलची सगळ्यात दुखरी बाजू हीच. दरवर्षी घर रिकामं होतं. मी एक जर्नल असं पाहिलंय की संकेतस्थळाचा पासवर्ड एकाच मुलाच्या खाजगी मेलवर होता. तो पदवी घेऊन गेला, नोंदणीचं नूतनीकरण राहिलं आणि सहा वर्षांचे अंक दिसेनासे झाले. ग्रंथालयात छापील प्रती होत्या म्हणून वाचले. मेल जर्नलच्या नावाचा हवा, अंक विद्यापीठाच्या डिजिटल भांडारात जायला हवेत, आणि लेखकांशी झालेला पत्रव्यवहार लेखागणिक एका फोल्डरमध्ये. आयएसएसएन घेतला नसेल तर घ्या. आठ आकडी क्रमांक आहे, त्यावरून ग्रंथालयांना तुमचं जर्नल सापडतं.

मूळप्रत

दुवा, तुमचा तिसरा मुद्दा त्या मुलांपर्यंत तेव्हा पोचायला हवा होता.

विदावाचक

तळटीप, १५ तारीख उलटली. काही कळलं का?

तळटीप

कळलं. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळे यात होतात.

पहिले आठ दिवस काहीच आलं नाही. कॉरिडॉरमध्ये सर दिसायचे, नमस्कार घ्यायचे, बस. ते दिवस मला जड गेले. नवव्या दिवशी मेल आला की मंडळाने भेटायला यावं. आम्ही तिघं गेलो.

टेबलावर कागदी प्रश्नावल्यांचे दोन गठ्ठे ठेवलेले होते, दोऱ्याने बांधलेले. एक जाड, एक अगदी पातळ. सर म्हणाले, मोजा. पातळ गठ्ठ्यात ३४ होत्या. विदावाचक, तुमचा अंदाज बरोबर होता. पहिल्या पाहणीत ४२० मुली, दुसऱ्या वेळी यांची गाठच पडली नाही. प्रत्येक प्रश्नावलीवर पाहणी करणाऱ्याने पेन्सिलीने शेरा मारलेला. ‘घर बंद.’ ‘कुटुंब कामासाठी बाहेर, कधी येणार माहीत नाही.’ ‘शेजारी म्हणतात मामाकडे.’ एकीवर फक्त तारीख, तीनदा खोडून लिहिलेली, म्हणजे तो तिथे तीनदा गेला होता. सरांच्या संशोधन-सहायकाने कोष्टक करताना ओळी दुसऱ्या पाहणीच्या घेतल्या आणि ‘एकूण’ पहिल्या पाहणीचं राहून गेलं. सर म्हणाले, “मी हे कोष्टक निदान दहा वेळा पाहिलंय. मला प्रत्येक वेळी ४२० च दिसले.” मग थोडं थांबून म्हणाले, पत्र वाचून राग आला होता, दोन दिवस टिकला, नंतर गठ्ठे काढले.

लेख आता वेगळा झाला आहे. ९ टक्के ते १७.१ टक्के ही दोन्ही टोकं सारांशातच दिली आहेत. ‘योजनेची व्याप्ती वाढवावी’ ही शिफारस गेली. तिच्या जागी, मुलगी शाळा बदलते तेव्हा शिष्यवृत्तीची नोंद तिच्याबरोबर नव्या शाळेत कशी जाईल, ते कुणी करायचं आणि कुठल्या अर्जात कुठला रकाना वाढवायचा, असं दोन पानं आहे. जुनी_फाईल, तुमचे चारही प्रश्न आम्ही समासात लिहून पाठवले होते. पेन्सिलीच्या शेऱ्यांची वर्गवारी केलेलं एक छोटं कोष्टकही सरांनी नव्याने जोडलं आहे. सगळ्या लेखात मला तेच जास्त मोलाचं वाटतं.

अंक तीन आठवडे लांबला. समीक्षकांच्या फॉर्मवर आता पहिला प्रश्न ‘कोष्टकांतल्या बेरजा स्वतः करून पाहिल्या का?’ असा आहे. दुखावलेली मैत्रीण बेरजा तपासायच्या गटाची प्रमुख झाली आहे, तिनेच मागून घेतलं.

एकच वाद अजून मिटलेला नाही. सरांचं म्हणणं, संपादक मंडळाने चूक दाखवल्याचा उल्लेख ऋणनिर्देशात यावा. मंडळातले काही म्हणतात नको, ते आपलं कामच होतं.

फळा_आणि_खडू

येऊ द्या. पुढच्या मंडळाला उपयोगी पडेल. सरांना माझा नमस्कार सांगा, ओळख नसली तरी.

अर्धविराम

त्या उल्लेखातही विशेषणं नकोत. कोष्टक २ आणि तारीख, एवढं पुरे.

तळटीप

तसंच करते. उद्या शेवटची प्रूफं जातात. दुवाताई, तळटीप ११ मधला अहवाल अजून उघडत नाहीये. खात्याचं संकेतस्थळ बदललंय आणि आर्काइव्हवर त्या पानाची प्रत आहे, पण आतली पीडीएफ नाही.

दुवा

सरांकडे उतरवून घेतलेली फाईल असेल तर ती विद्यापीठाच्या भांडारात टाका. तळटिपेत भांडाराचा पत्ता, जुना पत्ता आणि सरांनी पाहिल्याची तारीख, तिन्ही द्या. नसेल तर अहवालाचं पूर्ण नाव मला आज रात्रीपर्यंत पाठवा. सकाळी ग्रंथालय उघडलं की आधी छापील प्रत शोधते.